एचएमआयएसचा मासिक अहवाल पीएचसीच्या नियोजनासाठी नेमका कसा वापरायचा?

पहिलीच_नेमणूक

प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल दर महिन्याला एचएमआयएस (सरकारी आरोग्य सेवांचे आकडे गोळा करणारी प्रणाली) पोर्टलवर चढतो. तालुक्याच्या बैठकीत टक्केवारी वाचली जाते, कमी टक्केवाले बोलणी खातात, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या आकड्यांवरून एखादा निर्णय कसा घ्यायचा हे मात्र कुणी सांगत नाही.

चर्चेला हाताशी काही असावं म्हणून उदाहरण घेऊ. लोकसंख्या ३०,०००, सहा उपकेंद्रं. वर्षभरात पेंटाच्या (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिल्या डोसाचे, म्हणजे पेंटा-१ चे ४१० आणि तिसऱ्याचे, म्हणजे पेंटा-३ चे ३५२ डोस. एका उपकेंद्राचं पेंटा-३ चक्क ११८ टक्के, दुसऱ्या उपकेंद्रात बीसीजी (क्षयरोगाची लस) जवळजवळ शून्य. तीव्र रक्तक्षयाच्या गरोदर माता अख्ख्या वर्षात शून्य. रेफरल जिथे जातं त्या रुग्णालयात सिझेरियन होतात, पण रात्री पाठवलेली माता बरेचदा तिथून पुढे जिल्ह्याला जाते.

यातलं काय आधी बघायचं? कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? आणि पीआयपीत (आरोग्य अभियानाच्या निधीच्या आराखड्यात) मागणी लिहिताना हे कसं मांडायचं?

आकडेमोड

टक्केवारीकडे वळण्याआधी भागाकाराच्या खालचा आकडा तपासा. निम्मे घोटाळे तिथेच असतात.

शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची वेळेवर झालीच नाही. त्यामुळे तुमचे ३०,००० हे बहुधा २०११ च्या आकड्यावर दरवर्षी ठरावीक वाढ चढवून आलेले असतात. शहरालगतच्या गावात प्रत्यक्ष वस्ती त्याहून बरीच जास्त असते, डोंगरातल्या गावात कमी.

तरी गणित एकदा हाताने करून ठेवा. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर ३०,००० लोकसंख्येत वर्षाला ४५० जिवंत जन्म. गर्भपात आणि मृतजन्मासाठी त्यावर १० टक्के वाढवले की अपेक्षित गरोदर माता ४९५, म्हणजे महिन्याला ४१ नवीन नोंदणी. कोणत्याही एका दिवशी नोंदवहीत याच्या साधारण निम्म्या, २४८ च्या आसपास माता चालू दिसायला हव्यात. बालमृत्युदर १६ धरला तर ४५० मधून ७ वजा होऊन लसीकरणाला ४४३ बालकं, महिन्याला ३७. गुंतागुंतीच्या गरोदरपणासाठी १५ टक्के धरतात, म्हणजे वर्षाला साधारण ७४ माता.

हे आकडे कार्यालयाच्या भिंतीवर लावा. अहवाल हातात आला की आधी त्यांच्याशी ताडून बघा. महिन्याला ४१ च्या जागी २२ नोंदण्या येत असतील तर दोनच शक्यता: माता खाजगीत जातात आणि आपल्या नोंदवहीत येत नाहीत, किंवा लोकसंख्याच फुगवलेली आहे. कोणती खरी हे पोर्टल सांगणार नाही. आशांच्या गृहभेटीच्या यादीतल्या गरोदर माता मोजा, तासाभरात कळतं. यादीत २४० आणि नोंदवहीत १३० असतील तर नोंदणीचं काम कच्चं. यादीतही १३०च असतील तर लक्ष्यच चुकलंय. मग आरोग्य सेविकेला झापण्यात अर्थ नाही.

आता तुमचा पेंटा. ४१० भागिले ४४३ म्हणजे ९२.६ टक्के. बालकं पहिल्या डोसाला पोहोचतायत. ४१० वजा ३५२ म्हणजे ५८, भागिले ४१०, गळती (पहिला डोस घेऊन तिसऱ्याला न आलेली बालकं) १४.१ टक्के. ढोबळ नियम असा की पेंटा-१ ऐंशी टक्क्यांच्या वर आणि गळती १० च्या आत असेल तर ठीक. तुमच्याकडे पोहोच चांगली पण टिकाव नाही. अशा ठिकाणी नवीन लसीकरण सत्रं वाढवण्याची मागणी केलीत तर पैसे वाया जातील. लोकांना सत्र कुठे असतं हे माहीत आहे, ती एकदा येऊनही गेलीत. ती परत का येत नाहीत ते शोधायचं. ताप आल्यावर कुणी समजावलं नाही, पुढची तारीख कार्डावर लिहिली नाही, की त्या दिवशी सत्रच झालं नाही?

शेवटच्या शक्यतेचं उत्तर अहवालातच आहे. नियोजित सत्रं आणि प्रत्यक्ष झालेली सत्रं असे दोन वेगळे रकाने असतात, कुणी बघत नाही. उपकेंद्राने ८ ठरवून ५ घेतली असतील तर गळतीचं कारण मातांमध्ये शोधत बसू नका.

गळतीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे तिला लोकसंख्या लागत नाही. वरचा-खालचा दोन्ही आकडे एकाच नोंदवहीतले. म्हणून लक्ष्यांक संशयास्पद असेल तिथे टक्केवारी बाजूला ठेवून आधी गळती बघावी.

नोंदवही_आणि_पोर्टल

वरच्या उत्तरात एक भर घालावीच लागेल. गळतीलाही एक मोठी फट आहे आणि ती आपल्याकडची खास: माहेर.

एचएमआयएस सेवा जिथे दिली तिथे मोजतं. व्यक्ती कुठली हे त्याला माहीत नसतं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, बाळंतपण तिकडे, बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की सासरी परत. तिची नोंदणी आणि पहिल्या तपासण्या सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, सहाव्या आठवड्याचा पेंटा-१ माहेरी, चौदाव्या आठवड्याचा पेंटा-३ सासरी. परिणाम असा की माहेरच्या उपकेंद्रात गळती दिसते आणि सासरच्या उपकेंद्रात पेंटा-३ हे पेंटा-१ पेक्षा जास्त, म्हणजे उणे गळती. तुमचं ११८ टक्केवालं उपकेंद्र बहुतेक यातलं आहे. किंवा तिथे वीटभट्टी, ऊसतोडीचा तळ असं काही तरी आहे. आकडे फुगवल्याचा संशय घेण्याआधी नोंदवहीतल्या पेंटा-३ च्या वीस बालकांचे पत्ते आणि आधीच्या डोसांची ठिकाणं बघा.

बीसीजी शून्य हा दोष नाही. जिथे प्रसूती होत नाहीत त्या उपकेंद्रात बीसीजी, जन्मतःचा पोलिओ डोस आणि २४ तासांच्या आतली हिपॅटायटिस-बी हे सगळं प्रसूतीच्या रुग्णालयाच्या खात्यात जातं. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे राज्यात सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थेत होतात, तेव्हा हे असंच दिसणार. उपकेंद्राची बीसीजीची टक्केवारी काढणं म्हणजे निव्वळ कागद रंगवणं. तो निर्देशांक जिल्हा पातळीवरच बघावा, तोही खाजगी रुग्णालयांचे अहवाल येत असतील तरच.

माहेर-सासरचा गुंता सोडवायचा तर व्यक्तीनुसार नोंद ठेवणारी यंत्रणा लागते: आरसीएच पोर्टल, लसीकरणासाठी यू-विन. किती काम झालं आणि साधनं किती लागतील यासाठी एचएमआयएस. कोणाचं काय राहिलं यासाठी आरसीएच. दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून दरमहा वाद घालतात, पण ते तंतोतंत जुळायलाच नकोत. एकात केंद्रावर आलेली प्रत्येक माता, दुसऱ्यात तुमच्या गावची माता.

ऊसतोडीच्या पट्ट्यात महिन्यांचा आलेख काढा. बीडमधून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर असतात. मूळ गावात हिवाळ्यात खड्डा पडतो, कारखान्याच्या बाजूला उंचवटा. दोन-तीन वर्षांचे आलेख एकावर एक ठेवले आणि खड्डा दर वर्षी त्याच महिन्यांत आला, तर ते हंगामाचं काम. मूळ गावात ऑक्टोबरच्या आधी देय डोस उरकून घ्या, कार्ड सोबत द्या, आणि ज्यांच्या हद्दीत कारखाना आहे त्यांनी गळीत हंगामापुरती तळावरची सत्रं सूक्ष्म नियोजनात घालावीत. खड्डा एखाद्याच वर्षी आला तर बहुधा आरोग्य सेविकेचं पद रिकामं होतं.

आणि गळती महिन्याची काढू नका. पेंटा-१ आणि पेंटा-३ मध्ये आठ आठवडे असतात, म्हणजे एका महिन्यातली ती बालकं वेगळी, ही वेगळी. तिमाहीची किंवा एप्रिलपासूनची एकत्रित काढा.

शीतसाखळी

नियोजन म्हटलं की माझ्यासाठी लसीचा साठा, म्हणून तेवढंच.

पेंटा: ४४३ बालकं × ३ डोस = १३२९. वाया जाण्याचं प्रमाण १० टक्के धरलं तर गुणक १.११, म्हणजे वर्षाला १४७५ डोस. महिन्याला १२३. राखीव २५ टक्के धरले तर १५४, म्हणजे दहा डोसांच्या १६ कुप्या. बीसीजीला वाया जाण्याचं प्रमाण ५० टक्के धरतात, तिथे गुणक २. १० टक्के वाया जातं म्हणून सरळ १.१० ने गुणणारे बरेच आहेत. तसं नाही, १ भागिले ०.९० करायचं. पेंटाला फरक किरकोळ पडतो, पण बीसीजीला हीच चूक केली तर दुपटीऐवजी दीडपट मागणी जाते आणि महिनाअखेर लस संपते.

आता लक्ष्यांक फुगलेला असेल तर काय होतं बघा. आकडेमोड यांनी सांगितलेली लोकसंख्येची चूक इथे थेट आयएलआरमध्ये (लस ठेवायच्या शीतपेटीत) येऊन बसते. गरजेपेक्षा जास्त साठा, मुदतीजवळच्या कुप्या. म्हणून मागणी कागदी लक्ष्यावर न काढता मागच्या तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष वापराशी ताडून काढा. साठा आणि तापमान ई-विनवर रोजचं दिसतं, दिलेले डोस एचएमआयएसवर महिन्याचे. उघडलेल्या कुप्या गुणिले डोस, त्यातून दिलेले डोस वजा केले की खरं वाया गेलेलं कळतं. हा आकडा शून्य येत असेल तर जास्त काळजी करा. कुणीतरी दिलेले डोस उघडलेल्या कुप्यांवरून उलटे भरतंय.

एमआरचं (गोवर-रुबेलाची लस) जास्त वाया जाणं हा गुन्हा नाही. पाच डोसांची कुपी, मिसळल्यावर चार तासांत संपवायची, वाडीवर बालकं दोन. तीन डोस जाणारच. ‘वाया घालवू नका’ अशी तंबी दिली की सेविका एका बाळासाठी कुपी उघडत नाही, आणि ते बाळ पुढे गोवरच्या यादीत भेटतं. पेंटा, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), पोलिओच्या उघडलेल्या कुप्या नियम पाळून २८ दिवस वापरता येतात, तिथे मात्र जास्त वाया जात असेल तर जाब विचारा.

पहिलीच_नेमणूक

माहेरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. रक्तक्षय आणि सिझेरियनचं कुणी सांगेल का? वर्षभर शून्य तीव्र रक्तक्षय म्हणजे काम चांगलं झालं, असंच वरिष्ठ म्हणतात.

लेबर_टेबल

४९५ गरोदर मातांमागे ७ च्या खाली हिमोग्लोबिन (म्हणजे तीव्र रक्तक्षय) असलेली एकही नाही? विश्वास ठेवू नका. एनएफएचएस-५ मध्ये राज्यातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्या हिशेबाने तुमच्याकडे सव्वादोनशे माता ११ च्या खाली असायला हव्यात. त्यात एकही ७ च्या खाली गेली नाही असं होत नाही.

असा शून्य कुठून येतो? एक, हिमोग्लोबिन मोजायच्या पट्ट्या संपलेल्या असतात आणि डोळ्याची पापणी ओढून अंदाज लिहिला जातो. दोन, साहलीच्या नळीत (रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजायची जुनी पद्धत) रंग जुळवताना घाई होते. तीन, ७ च्या खाली लिहिलं की रेफर करा, गाडी बोलवा, पाठपुरावा करा, वर जाब द्या, म्हणून ७.२ लिहिणं सोयीचं पडतं. तपासायची रीत सोपी: नोंदवहीतली सलग पन्नास हिमोग्लोबिनची मूल्यं एका कागदावर उतरवा. त्यात ९, १०, १०, ९.५, १० असंच येत असेल, ८.३ किंवा ९.७ सारखी मूल्यं जवळजवळ नसतील, तर मोजमाप झालेलं नाही. मग डिजिटल मीटरने दहा मातांची फेरतपासणी करा.

इथे निर्णय काय? आधी पट्ट्यांचा हिशेब. ४९५ मातांच्या प्रत्येकी चार तपासण्या म्हणजे १,९८०, त्यात वाया जाणाऱ्या धरून २,२०० च्या आसपास पट्ट्या वर्षाला. एवढी मागणी केली होती का, ई-औषधीवर (साठ्याची ऑनलाइन नोंद) किती आल्या, हे बघा. नसेल तर शून्याचं कारण भांडारात आहे. लोहाच्या १८० गोळ्या दिल्याचा रकाना आणि गोळ्यांचा साठा यांचाही असाच ताळा लागतो. ४०० मातांना १८० गोळ्या म्हणजे ७२,००० गोळ्या. भांडारातून ४०,००० गेल्या असतील तर अहवाल कुठून आला? आणि खरे आकडे यायला लागले की रक्तक्षय एकदम वाढलेला दिसेल, त्याची कल्पना बैठकीआधी वरिष्ठांना देऊन ठेवा. नाहीतर पहिल्याच महिन्यात कारणे दाखवा नोटीस येईल आणि पुन्हा सगळे १० वर येतील.

सिझेरियनसाठी एकच रकाना उघडा: रात्री ८ ते सकाळी ८ मध्ये झालेली सिझेरियन. दिवसाचे निम्मे तास त्यात येतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया दिवसा होतात हे धरूनही, महिन्याला २५ सिझेरियन आणि रात्रीची शून्य असतील तर ते रुग्णालय संध्याकाळनंतर रेफरल केंद्र राहत नाही. कारण बहुधा भूलतज्ज्ञ दिवसापुरते येतात किंवा रक्तसाठवण केंद्र रात्री बंद. नवीन शस्त्रक्रियागृह मागून हे सुटत नाही. बोलावणीवर येणारा भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ, एवढीच मागणी लावा. आणि ते होईपर्यंत तुमच्या पातळीवर रात्रीचा रेफरल मार्ग बदला. १०८ ला थेट जिल्हा रुग्णालय सांगा, मधला थांबा वगळा. दोन रुग्णालयांत फिरण्यात जाणारा वेळ रक्तस्रावाच्या मातेला परवडत नाही.

कोपऱ्यातला_बाक

एवढा खटाटोप कशाला? आकडे खालूनच दबावाखाली भरलेले. एनएफएचएस बघा आणि त्यावर नियोजन करा. सर्वेक्षण तरी प्रामाणिक असतं.

आकडेमोड

सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली उतरत नाही आणि काही वर्षांतून एकदा येतं. एनएफएचएस-५ चं काम २०१९-२१ चं. त्यावरून जिल्ह्याची दिशा कळेल, पण सहा उपकेंद्रांपैकी कोणत्या उपकेंद्रात या महिन्यात सत्रं बुडाली हे कळणार नाही. उपयोग असा करा: जिल्ह्याचं एचएमआयएस ९८ टक्के म्हणतंय आणि सर्वेक्षण ८० च्या खाली, तर दोन्हींच्या मधल्या अंतराकडे बघून मोजणी तपासा.

दबावाबद्दल मात्र सहमत. म्हणून तपासणी शिक्षेसाठी नको. दर तिमाहीला दोन उपकेंद्रं आणि तीन रकाने निवडा. पेंटा-३, पहिल्या १२ आठवड्यांतली नोंदणी आणि प्रसूती घ्या. मूळ नोंदवहीतून पुन्हा मोजा, पोर्टलवरच्या आकड्याने भागा. ०.९० ते १.१० मध्ये आलं तर ठीक. खाली आलं तर जास्त भरलंय, वर आलं तर नोंदी अहवालापर्यंत पोहोचल्याच नाहीत. दुसरा प्रकार वाटतो त्याहून जास्त सापडतो. उपकेंद्र २५ तारखेला आकडे देणार आणि केंद्र महिनाअखेरपर्यंत मोजणार असेल तर पाच दिवसांचं काम लटकतं, आणि ते दर महिन्याला.

अहवाल पाठवण्याआधी दहा मिनिटांची चाळणी: वजन केलेली नवजात बालकं जिवंत जन्मांपेक्षा जास्त नकोत, अडीच किलोखालची वजन केलेल्यांपेक्षा जास्त नकोत, १२ आठवड्यांतली नोंदणी एकूण नोंदणीपेक्षा जास्त नको. पोर्टल यातलं काही पकडतं, सगळं नाही. रिकामा रकाना आणि शून्य हेही वेगळे ठेवा. सेवा होती पण कुणी आलं नाही तर शून्य, सेवाच नाही तर लागू नाही. सरसकट शून्य टाकणारे संगणकचालक पुढच्या वर्षीच्या सरासऱ्या बिघडवतात.

नोंदवही_आणि_पोर्टल

साथीसाठी मात्र एचएमआयएसची वाट बघू नका. महिन्याचा अहवाल येईपर्यंत डेंग्यूची साथ गाव फिरून गेलेली असते. त्यासाठी आयएचआयपी, म्हणजे साथरोगांच्या नोंदीचं पोर्टल. आरोग्य सेवकाचा एस फॉर्म (लक्षणांवरून संशयित), तुमचा पी (डॉक्टरांचं निदान), प्रयोगशाळेचा एल (तपासणीचा निकाल). एप्रिल २०२१ पासून देशभर हेच चालू आहे. एका गावातून एस फॉर्मवर तापाचे रुग्ण वाढतायत आणि एल फॉर्मवर त्या गावचा एकही नमुना नाही, हे दिसलं की त्याच दिवशी रक्तनमुने घ्यायला पाठवा.

पीआयपीबद्दल. आता तो दोन वर्षांचा असतो, २०२२-२४ आणि मग २०२४-२६, त्यामुळे चुकलेली मागणी बराच काळ भोगावी लागते. ‘लसीकरण कमी आहे, वाहन द्यावे’ असं लिहिलेलं जिल्ह्याच्या छाननीत गळतं. त्याऐवजी चार ओळी पुरतात: उपकेंद्र क्रमांक ४ आणि ६ मध्ये चार तिमाही नियोजित सत्रांपैकी किती झाली, इतर चारमध्ये किती, न झालेल्या सत्रांचं नोंदवलेलं कारण काय, त्या कारणाला लागणारा खर्च किती. लस पोहोचवणारा माणूस न मिळाल्याने सत्र बुडत असेल तर मागणी त्याच्या मानधनाची करा, गाडीची नको.

पण सगळंच पीआयपीत नेऊ नका. सत्राचा वार आणि जागा बदलणं तुमच्या हातात आहे, सूक्ष्म नियोजनात बदल करून टाका. पट्ट्यांची तातडीची खरेदी रुग्ण कल्याण समितीत मंजूर होते. रिकाम्या उपकेंद्राला दोन महिन्यांसाठी शेजारची सेविका देणं हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा विषय. भूलतज्ज्ञ हा जिल्हा शल्य चिकित्सकांचा. ज्याच्या टेबलावर निर्णय होतो त्याच्याकडे तेवढाच आकडा न्या. सतरा पानांचा तक्ता तिकडे कुणी वाचत नाही.

मासिक बैठकीच्या इतिवृत्तात प्रत्येक तांबड्या रकान्यापुढे तीन गोष्टी लिहायची सवय लावा: काय ठरलं, कुणी करायचं, कोणत्या महिन्याच्या अहवालात फरक दिसायला हवा. पेंटाच्या गळतीवर सप्टेंबरमध्ये काही केलंत तर फरक डिसेंबरच्या आत शोधू नका, चौदा आठवडे तर बाळालाच लागतात.

पहिलीच_नेमणूक

आभार सगळ्यांचे. उपकेंद्र ४ ची नियोजित आणि झालेली सत्रं आधी काढतो, आणि पन्नास हिमोग्लोबिनची यादी. पट्ट्यांच्या मागणीत स्टाफ नर्सनी प्रसूतीच्या वेळी केलेल्या तपासण्या वेगळ्या धरायच्या का?

लेबर_टेबल

हो, वेगळ्या. प्रसूतीला दाखल होणाऱ्या प्रत्येकीची एक, आणि रक्तस्राव झालेल्यांची दुसरी. केंद्रावर महिन्याला १५ प्रसूती असतील तर वर्षाला आणखी २०० पट्ट्या धरा. डबी उघडल्यावर ती किती दिवस वापरायची हे कंपनीनुसार बदलतं, डबीवरचं वाचा आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा. लहान उपकेंद्राला मोठी डबी दिली की निम्म्या पट्ट्या ओल धरून जातात, तिथे २५ ची डबी मागा.